ड्रॅगनवाली अ‍ॅन मॅकॅफ्री: नागपुरात कोणी वाचली आहे का?

कूलर_आणि_कादंबरी:

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं दोन वर्षांपासून मनात होतं, आज मुलगी क्लासला गेली, घरात शांतता आहे, म्हणून बसलीच लिहायला. लांबेल, सांभाळून घ्या.

मी बारावीत होती तेव्हा बर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक इंग्रजी पुस्तक उचललं, वीस रुपयाला. कव्हरवर ड्रॅगन आणि त्याच्यावर बसलेलं माणूस. मला तेव्हा ड्रॅगन म्हणजे चायनीजच्या गाडीवर रंगवलेला तेवढाच माहीत. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, मग कूलरसमोर चटई टाकून, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत गेली, खसच्या ताटीचा तो ओला वास आजही त्या पुस्तकाच्या आठवणीला चिकटून आहे. तिसऱ्या दिवशी संपलं तेव्हा आई विचारते, अगं रडायला काय झालं? पुस्तक होतं 'ड्रॅगनफ्लाइट', १९६८ चं, अ‍ॅन मॅकॅफ्रीचं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पर्न नावाचा ग्रह आहे. त्याच्या शेजारून एक लाल तारा अडीचशे वर्षांच्या फेऱ्याने येतो, आणि आला की साधारण पन्नास वर्षं आकाशातून चंदेरी धागे पडत राहतात. धागा जमिनीला लागला की जे जे जिवंत आहे ते खाऊन टाकतो, पीक, झाड, जनावर, माणूस. त्याला हवेतच जाळावा लागतो, आणि ते काम ड्रॅगन आणि त्यांचे स्वार करतात. म्हणजे इथे ड्रॅगन खजिन्यावर बसलेला नाही, राजकन्येला पळवत नाही, कोणी वीर त्याला मारायला निघत नाही. तो ड्यूटीवर आहे! अंड्यातून बाहेर आल्या आल्या तो एका माणसाला निवडतो, दोघांची मनं जन्मभरासाठी जोडली जातात, स्वार गेला की ड्रॅगनही जातो.

पण मला जे भिडलं ते वेगळंच. गोष्ट सुरू होते तेव्हा चारशे वर्षं धागा पडलेलाच नसतो. एक फेरा चुकलेला असतो. लोक म्हणायला लागतात की हे सगळं जुन्या बायकांच्या गप्पा, कशाला या ड्रॅगनवाल्यांना दरवर्षी धान्य द्यायचं, कशाला घराभोवतीचं गवत उपटत बसायचं. ड्रॅगनवाल्यांची सहा ठाणी होती, पाच ओस पडली, एकच उरलंय. आणि तेवढ्यात लाल तारा दिसायला लागतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरलं नसेल. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी घरात आली. आमच्याकडे तळमजल्यावर कमरेएवढं पाणी, अंधारात गॅस सिलिंडर तरंगत होता. माझी खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं गेली. ते वीस रुपयांचं पुस्तक त्यातच होतं. चिखल खरवडताना शेजारचे काका म्हणत होते, साठ वर्षांत असं पाणी नाही पाहिलं, आणि मला एकदम तेच आठवलं, धागा पडला नाही तेवढी वर्षं मोजून माणूस निवांत होतो. बाईने हे १९६७ साली लिहून ठेवलंय.

ते पुस्तक फेकलं नाही, वाळवलंय. फुगून डबल झालंय. तर कोणी वाचलीय का ही बाई? मराठीत ड्रॅगन चालेल का, याच्यावरही बोला.

तर्रीवाला:

ताई काय आठवण काढली! मी हॉस्टेलला असताना एका मित्राकडून घेऊन वाचून राहिलो होतो, परीक्षा तोंडावर, दोन विषय राहिले माझे त्याच्यापायी. पण मला बाईबद्दल काहीच माहीत नाही, कुठली, काय करायची, तेवढं सांग ना. आणि पुस्तक उन्हात नको ठेवू.

कूलर_आणि_कादंबरी:

सांगते तर्रीवाला भाऊ, हाच तर माझा आवडता भाग.

१ एप्रिल १९२६ चा जन्म, अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. रॅडक्लिफ कॉलेजात स्लाव्ह भाषा आणि साहित्य शिकली, १९४७ ला पदवी. ऑपेरा गाण्याचं शिक्षण घेतलं, नाटकांत कामं केली. हे गाण्याचं लक्षात ठेवा, पुढे येतं. १९५० ला लग्न, तीन मुलं. पहिली गोष्ट १९५३ मध्ये छापून आली. त्यानंतर बघा, चौदा वर्षं! मधून मधून कथा, त्यातली 'द शिप हू सँग' १९६१ ची, वडील गेल्याचं दुःख तिच्यात उतरलंय आणि स्वतःच्या लिखाणात तीच कथा तिला सगळ्यात जवळची होती. पण पहिली कादंबरी यायला १९६७ उजाडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'अ‍ॅनालॉग' मासिकात पर्नची पहिली कथा आली, 'वेअर सर्च'. वय ४१. धाकटी पोरगी आठ वर्षांची.

आणि मग पुढच्याच वर्षी, १९६८ ला, त्या कथेला ह्यूगो, म्हणजे सायन्स फिक्शनमधला मोठा पुरस्कार. फिक्शनसाठी ह्यूगो मिळालेली पहिली बाई. लगेच पाठोपाठ पर्नच्याच 'ड्रॅगनरायडर' या कथेसाठी नेब्युला, तोही तसाच मोठा पुरस्कार, तिथेही पहिली बाई. या दोन कथा जोडूनच 'ड्रॅगनफ्लाइट' झालं.

म्हणजे आता सगळं सुरळीत झालं असेल असं वाटतं ना? १९७० ला घटस्फोट झाला आणि ती दोन धाकट्या मुलांना घेऊन आयर्लंडला निघून गेली. आयर्लंडने तेव्हा नुकताच नियम केला होता की लेखक-कलावंतांच्या कलेच्या कमाईवर इन्कम टॅक्स नाही. भाड्याची घरं बदलत, पैशाची ओढाताण सोसत लिहीत राहिली. १९७८ ला 'द व्हाइट ड्रॅगन' न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत गेलं, तेव्हा सायन्स फिक्शनची पुस्तकं त्या यादीत दिसतच नसत. पुढे विकलो काउंटीत स्वतःचं घर बांधलं, त्याचं नाव ड्रॅगनहोल्ड-अंडरहिल. घोडे पाळले. २००५ ला अमेरिकेतल्या सायन्स फिक्शन लेखकांच्या संघटनेने ग्रँड मास्टर केलं, २००६ ला हॉल ऑफ फेममध्ये गेली आणि २१ नोव्हेंबर २०११ ला आयर्लंडमध्येच गेली, ८५ वर्षांची होती. शेवटच्या काळात मुलगा टॉडबरोबर पर्नचीच पुस्तकं लिहिली.

मी आज ४३ ची आहे. डब्यातून, शाळेच्या मीटिंगांतून, सासूबाईंच्या औषधांतून वेळ काढून लिहिते. एक्केचाळीसाव्या वर्षी पहिली कादंबरी आली हे वाचलं त्या रात्री मी वही उघडली.

गोदाम_नंबर_सात:

मी धान्याच्या गोदामावर कामाला आहे. माझ्या भाच्याने सांगितलं की या ड्रॅगनच्या तोंडात फॉस्फीन असतो म्हणून, मी म्हटलं हे काय नवीन. गोदामात किडीसाठी आम्ही अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लावतो, हवेतली ओल लागली की त्यातून हाच गॅस निघतो. ताडपत्रीने थप्पी झाकतो, कडेला वाळूचे साप टाकतो, सीलबंद करतो आणि बोर्ड लावतो. वास येतो सडक्या मासळीसारखा, कोणी लसणासारखा म्हणतो. खूप विषारी आहे, कोणीही घरातल्या कोठीत लावायचा विचार करू नका, हात जोडून सांगतो. गोळ्यांवर पाणी पडलं तर भडकाही उडतो.

पुस्तकात नेमकं कसं दाखवलंय?

मृगजळ_४४:

काका, पुस्तकात असं आहे की ड्रॅगन एक खास दगड चघळतात, त्यात फॉस्फरस असतो, पोटात गॅस बनतो आणि ढेकर दिली की हवेला लागून पेटतो. मी केमिस्ट्री शिकवते म्हणून एक भर घालते. शुद्ध फॉस्फीन साध्या तापमानाला आपोआप पेटत नाही, त्यात डायफॉस्फेन थोडासा मिसळलेला असेल तर हवा लागताच पेट घेतो. दगड चघळून निघालेला गॅस काही शुद्ध नसणार, त्यामुळे बाईचा हिशोब बरोबर बसतो. हे मी अकरावीच्या वर्गात सांगितलं होतं, मागचा बेंच पहिल्यांदा सरळ बसला.

आणि म्हणूनच ती म्हणायची की मी फँटसी लिहीत नाही, सायन्स फिक्शन लिहिते. पर्नवरची माणसं पृथ्वीवरून जहाजाने गेलेली आहेत, ड्रॅगन तिथल्याच छोट्या आगसरड्यांपासून जनुकं बदलून तयार केलेत, ती सगळी हकीकत १९८८ च्या 'ड्रॅगन्सडॉन'मध्ये येते. पण लोक हे विसरून गेलेत. त्यांच्याकडे गाणी उरलीत फक्त.

उमरेड_रोड:

गाण्यांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी मूळचा शेतीवाला माणूस. त्या पुस्तकात पोरांना लहानपणी गाणी पाठ करवतात, धागा कधी येतो, काय करायचं, सगळं गाण्यात. पोरं अर्थ न समजता म्हणतात. माझा आजा असाच सहदेव-भाडळीच्या म्हणी म्हणायचा, कोणतं नक्षत्र, वाहन कोणतं, पाऊस किती. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" हे आम्ही खेळताना म्हणत होतो, ज्वारीशी त्याचा काही संबंध आहे हे मोठं झाल्यावर समजलं. 'ड्रॅगनफ्लाइट'ची नायिका लेसा, तिने तेच केलं ना, जुन्या गाण्यातला प्रश्न सोडवला आणि भिंतीवरच्या जुन्या पडद्यावरचं चित्र पाहून चारशे वर्षं मागं उडी मारली. त्या पाच ठाण्यांचे ड्रॅगन कुठं गेले याचं उत्तर काय तर तीच त्यांना घेऊन आली! ते वाचून मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या होत्या रात्री दोन वाजता.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर:

सगळं कौतुक मान्य आहे पण एक खटकलेलं मनापासून लिहितो. ड्रॅगनच्या जोडीच्या उड्डाणात स्वारांचं मन त्यांच्या हातात राहत नाही आणि मग जे होतं त्यात लेसाची मर्जी कोणी विचारत नाही. तिच्या जोडीचा स्वार फ्लार तिला खांद्याला धरून गदागदा हलवतो ते तर अनेकदा. विसाव्या वर्षी मी ते भरभर वाचून गेलो होतो, आता बायकोने वाचलं आणि तिथेच मिटवून ठेवलं. तिला मी काय सांगू?

कूलर_आणि_कादंबरी:

दादा, वहिनींना सांगा त्यांचं बरोबर आहे. मलाही ती पानं आता वाचवत नाहीत. काळ तसा होता एवढं म्हणून मी ते झाकणार नाही, कारण त्याच बाईने आठ वर्षांनी काय लिहिलं ते माझ्यासमोर आहे.

वहिनींना 'ड्रॅगनसाँग' द्या, १९७६ चं. मुलींनी सायन्स फिक्शन वाचावं म्हणून एका संपादक बाईने मागून घेतलेलं पुस्तक आहे ते. मेनॉली नावाची कोळ्यांच्या वस्तीतली पंधरा वर्षांची पोरगी. गाणं तिच्या रक्तात आहे, पण बाप म्हणतो पोरींनी गाणी रचायची नाहीत, वस्तीला लाज येते. मासळी साफ करताना तिचा हात कापतो, आणि तिची सख्खी आई तो हात असा भरू देते की पुन्हा वाद्य धरता येऊ नये. सख्खी आई! मी ते पान वाचून कितीतरी वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसली होती. मग ती पळून जाते, समुद्राकाठच्या गुहेत राहते, आणि नऊ आगसरड्यांना तिचा जीव लागतो. ती गाते आणि ते तिच्याबरोबर सूर धरतात. जी बाई स्वतः ऑपेरा शिकली आणि मग घरात तीन मुलांमागे धावत राहिली, तिनेच हे लिहावं, यात मला तिचं सगळं आयुष्य दिसतं.

कामठीची_सून:

मी पुस्तकं वाचलेली नाहीत, पण "मराठीत ड्रॅगन चालेल का" याच्यावर बोलते. अहो ड्रॅगन आपल्या कामठीत आहे! ड्रॅगन पॅलेस टेंपल, १९९९ चं, जपानच्या नोरिको ओगावा यांच्या देणगीतून झालेलं. आत बुद्धाची चंदनाची मूर्ती. आम्ही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जातो तेव्हा बाहेरगावचे पाहुणे तिथेही जातातच. माझ्या मुलाने एकदा विचारलं की आई, बुद्धाच्या घराला ड्रॅगनचं नाव कसं? मग आमच्याकडच्या एका भंतेजींनी त्याला समजावलं. आपल्या संस्कृत ग्रंथांत जिथे जिथे नाग आहे, तिथे चिनी भाषांतरात लुंग हा शब्द आला, म्हणजे ड्रॅगन. सद्धर्मपुंडरीक सूत्रात सागर नागराजाची आठ वर्षांची मुलगी बुद्धत्वाला पोचते अशी गोष्ट आहे, तिचं पुढे चिनी भाषांतर झालं, आणि चीन-जपानात ती मुलगी ड्रॅगन राजाची मुलगी म्हणूनच ओळखली जाते.

म्हणजे आपला नागच तिकडे जाऊन ड्रॅगन झाला आणि जपानहून परत कामठीला आला. नाग नदीच्या गावाने ड्रॅगनला परका कशाला म्हणायचं?

तर्रीवाला:

वहिनी, जिंकलंत!! मी इतक्या वेळा गेलो तिथं, कधी डोक्यात नाही आलं. ताई, तुझ्या वहीत हे आलं पाहिजे.

कूलर_आणि_कादंबरी:

अंगावर काटा आला हो वहिनी. मी वहीत इतके दिवस "ड्रॅगन" लिहू की "पंखवाला नाग" लिहू यातच अडकून होती. आठ वर्षांच्या मुलीची ती गोष्ट मला माहीत नव्हती.

शब्दांचंच विचारायचं होतं सगळ्यांना. मी हौस म्हणून पर्नच्या शब्दांना मराठी शब्द शोधत असते, छापायला नाही, माझ्या मुलीला गोष्ट सांगायला. होल्डला मी "गढी" म्हणते, विदर्भात पांढऱ्या मातीच्या गढ्या आपण पाहिलेल्याच आहेत. वर्षाला ते टर्न म्हणतात, मी "फेरा" केला. ड्रॅगन माणसाला निवडतो त्याला "जीव लागणं". वेअर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरातलं ड्रॅगनचं ठाणं, तिथे मुलीला मी लोणार दाखवते, ते उल्केचं विवर आहे हे माहीत आहे मला, पण पावणेदोन किलोमीटरचा तो वाडगा काठावरून पाहिला की कड्याकड्याला ड्रॅगन बसलेले दिसतातच.

अडलं ते बिटवीनवर. ड्रॅगन एका जागेहून गायब होऊन दुसरीकडे निघतात, मधल्या क्षणी काळाकुट्ट अंधार, जीव गोठवणारी थंडी, आवाज नाही, स्वतःचं अंगही जाणवत नाही. "मध्यंतर" म्हटलं तर नाटकाचं वाटते. "अधांतर" करून पाहिलं, जमलं नाही.

उमरेड_रोड:

ताई, "मधात".

आपण नाही म्हणत का, घर आणि शाळेच्या मधात, दोघांच्या मधात. आपला नागपुरी शब्द. ड्रॅगन मधात गेला.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर:

मधात! इथे पुण्यात मी "मधात" म्हटलं की लोक विचारतात मध कुठे आहे. वीस वर्षं झाली हा शब्द तोंडातून निघाला नव्हता. हाच ठेवा. कोणी काहीही म्हणो.

कूलर_आणि_कादंबरी:

ठरलं. मधात. उमरेड रोड काका, किती दिवस घातले होते मी यात.

मृगजळ_४४:

माझं एक सांगणं आहे लिहिणाऱ्या सगळ्यांना. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, कारण नावामुळे बक्षीस मिळायला नको होतं. एवढ्या मोठ्या माणसाने नवख्यासारखी स्पर्धेत गोष्ट पाठवली. ताई तुम्ही पण पाठवा. वहीत नका ठेवू. आपल्याकडे भयकथा धारपांनी घराघरात नेली, विज्ञानकथेला नारळीकर मिळाले, पण मोठ्या माणसांसाठी ड्रॅगनची जाडजूड कादंबरी मराठीत हातात घ्यायची मी वाट बघतेय.

आणि त्या भिजलेल्या पुस्तकाचं काय झालं, पानं चिकटली आहेत का? साधा खरखरीत कागद असेल तर आशा आहे, चकचकीत आर्ट पेपर एकदा चिकटला की संपलं. पुन्हा कधी पुस्तक भिजलं तर सगळ्यात आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, बुरशी थांबते, मग सवडीने वाळवता येतं. आता वाळलंच आहे तर बंद डब्यात ओला स्पंज ठेवा, पुस्तकाला पाणी लागू न देता, काही तास नुसता दमटपणा लागू द्या आणि मग पातळ प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने सोडवून पहा. जोर लावायचा नाही.

कूलर_आणि_कादंबरी:

चिकटली आहेत ना. शेवटाकडची बरीच, लेसा मागे उडी मारते नेमकी तिथली. दोन वर्षं हात लावला नाही, फाटतील म्हणून. आज करून पाहते. पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा आहे.

तर्रीवाला:

काय झालं ते सांग बे ताई, आम्ही इथंच आहो.

कूलर_आणि_कादंबरी:

रात्रीचे साडेअकरा. मुलगी टॉर्च धरून बसली होती, मी स्टीलच्या पट्टीऐवजी तिची प्लास्टिकची फूटपट्टी घेतली. पानांच्या कडेला अजून नदीची बारीक माती आहे, बोटाला लागते. पहिलं पान कोपऱ्यात थोडं गेलं, दोन शब्द गेले. पण त्यानंतरची चार सुटली, अख्खी. मुलगी म्हणते आई, वाच ना मोठ्याने, मराठीत. मी वाचून राहिली आहे, बाकीची पानं उद्या.